क्लोरीन गेला, पीसीबी उरलं : हडसन नदीच्या गाळाचं प्रकरण

कारखान्याचं रसायन नदीत गेलं, तर नदी ते स्वतःहून किती पचवते? या एका प्रश्नापायी अमेरिकेतल्या हडसन नदीवर जेवढे प्रयोग, जेवढा पैसा आणि जेवढे कोर्टकज्जे झाले, तेवढे फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आले असतील. तिथे नैसर्गिक विघटन हा वादाचा मुख्य मुद्दाच होता. प्रदूषण करणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की गाळातले जीवाणू त्यांचं काम करत आहेत, तेव्हा गाळाला हात लावू नका. आणि जीवाणू खरोखरच काम करत होते. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते दाखवलं, स्वतंत्र विद्यापीठानं त्याला दुजोरा दिला, आणि जगातल्या नामांकित विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं.

तरीही २००२ साली सरकारनं नदी खणण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते तो बरोबर होता. तो का बरोबर होता, हे समजायला गाळातल्या रसायनशास्त्रात थोडं खोल उतरावं लागतं.

दोन कारखाने आणि एक तेल

हडसन न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात उगम पावते आणि सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला वाहत जाऊन न्यूयॉर्क शहराच्या बंदरात समुद्राला मिळते. ट्रॉय गावाच्या धरणापर्यंत समुद्राची भरती चढते, त्यामुळे खालचा जवळपास निम्मा भाग खाडीसारखा वागतो. ट्रॉयच्या वर साधारण ६५ किलोमीटरवर फोर्ट एडवर्ड आणि त्याला लागूनच हडसन फॉल्स ही दोन लहान गावं आहेत. जनरल इलेक्ट्रिकचे विजेचे कपॅसिटर बनवणारे दोन कारखाने इथे होते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत या कारखान्यांतून पीसीबी नावाचं तेल नदीत गेलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, अंदाज आहे की ते ५ लाख ९० हजार किलोपर्यंत असावं.

पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. बेन्झीनची दोन कडी एकमेकांना जोडलेली, आणि त्यांच्यावरच्या दहा मोकळ्या जागांवर एक ते दहा क्लोरीनचे अणू बसलेले. किती अणू आणि कुठल्या जागी, यावरून याचे २०९ प्रकार होतात. कारखान्यात येणारं तेल म्हणजे यांतल्या अनेक प्रकारांचं मिश्रण असायचं. मोन्सँटो कंपनी ते ‘अ‍ॅरोक्लोर’ नावानं विकायची आणि नावापुढच्या आकड्यातच माहिती असायची. अ‍ॅरोक्लोर १२४२ म्हणजे रेणूत १२ कार्बन, आणि वजनानं ४२ टक्के क्लोरीन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागेल. तेल सहज पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही, उष्णतेनं तुटत नाही. विद्युत उद्योगाला हवं होतं ते नेमकं हेच.

कारखान्यांच्या खाली फोर्ट एडवर्डला एक जुनं धरण होतं आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा गाळ साठलेला होता. १९७३ मध्ये ते धरण काढून टाकण्यात आलं. अडलेला गाळ, लाकडाचा भुसा आणि त्याला चिकटलेलं पीसीबी पुराबरोबर खाली निघालं. पुढचा थॉम्प्सन आयलंडचा बंधारा आणि फोर्ट एडवर्ड यांच्यामध्ये नदीचा सुमारे दहा किलोमीटरचा संथ पट्टा आहे. बराचसा माल तिथे बसला. पुढे राज्य सरकारच्या पाहणीत नदीत अशा दाट प्रदूषणाच्या चाळीसेक जागा सापडल्या आणि त्यांना ‘हॉट स्पॉट’ हे नाव पडलं.

१९७६ मध्ये हडसन फॉल्सपासून ट्रॉयपर्यंत मासेमारी बंद झाली. खालच्या नदीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला स्ट्राइप्ड बास माशाचा धंदाही त्याच वर्षी थांबला. राज्य आणि कंपनी यांच्यात ४० लाख डॉलरची तडजोड झाली. १९७७ मध्ये कारखान्यांनी पीसीबी वापरणं बंद केलं आणि १९७९ मध्ये देशभर त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तेलाचा नळ बंद झाला. नदीत गेलेल्या मालाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

वाहत्या पाण्यात याचं काही होत नाही

ओढ्या-नदीत पडलेल्या रसायनाला तुटण्याच्या वाटा मोजक्या असतात. काही रसायनं सूर्यप्रकाशानं तुटतात, काही नुसत्या पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटतात, आणि बहुतेकांचा फडशा जीवाणू पाडतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल आणि प्रमाण फार नसेल, तर फिनॉलसारखं रसायन जीवाणू काही दिवसांत संपवतात. त्याच्या कार्बनचा शेवट कार्बन डायऑक्साइडमध्ये होतो. याला खरं विघटन म्हणायचं. रेणू उरतच नाही.

पीसीबीच्या बाबतीत यांतल्या बहुतेक वाटा बंद असतात. बेन्झीनच्या कड्याला बसलेला क्लोरीन पाण्यानं सुटत नाही. पीसीबी मुख्यतः ज्या अतिनील किरणांना शोषून घेतं, त्यांतले फारच थोडे जमिनीपर्यंत पोचतात, आणि गढूळ नदीत तर तेही वरच्या थरातच संपतात. शिवाय पीसीबी पाण्यात विरघळलेलं फार थोडं असतं. ते मातीच्या कणांना, कुजक्या पालापाचोळ्याला धरून बसतं. थोडं पीसीबी पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेत उडून जातं. नदीच्या खात्यात ते वजा दिसतं, पण रेणू जसाच्या तसा असतो आणि वाऱ्याबरोबर दुसरीकडे उतरतो.

म्हणून हडसनच्या पीसीबीचं भवितव्य पाण्यात ठरणार नव्हतं. ते तळाशी, काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या गाळात ठरणार होतं. आणि तिथे कोणी अपेक्षा केली नव्हती असं काहीतरी चाललं होतं.

काळ्या गाळातले जीवाणू

हडसन फॉल्सपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंतची नदी १९८४ मध्ये सुपरफंड कायद्याखाली आली, म्हणजे अतिप्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत गेली. त्या वर्षी ईपीएनं गाळाबाबत तूर्त काहीच न करण्याचा निर्णय घेतला. धरण काढल्यामुळे उघड्या पडलेल्या काठावरच्या गाळाला मातीखाली झाकायचं, एवढंच ठरलं.

त्याच सुमाराला जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातल्या जॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाळाच्या नमुन्यांमध्ये एक विसंगती दिसली. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या आलेखावर पीसीबीच्या प्रकारांची वेगवेगळी शिखरं उमटतात. कारखान्यानं वापरलेल्या अ‍ॅरोक्लोरची शिखरं ठाऊक होती. गाळातला नमुना मात्र वेगळा होता. जास्त क्लोरीनवाले प्रकार घटलेले, एक-दोन क्लोरीनवाले वाढलेले. नुसतं वाहून जाण्यानं असं होत नाही, कारण वाहून जाताना आधी हलके प्रकार जातात आणि जड मागे राहतात. इथे उलट झालं होतं. म्हणजे गाळातच कोणीतरी क्लोरीन काढत होतं. हे काम १९८७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

कंपनीच्याच माणसांनी असा निष्कर्ष काढला, तर संशय येणं साहजिक होतं. तो संशय पुढच्याच वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या क्वेन्सेन, टीजी आणि बॉयड यांनी मिटवला. त्यांनी हडसनच्या गाळातले जीवाणू घेतले, ऑक्सिजन पूर्ण बंद केला आणि त्यांना अ‍ॅरोक्लोर १२४२ दिलं. सर्वांत जास्त मात्रेत, म्हणजे दशलक्ष भागांत ७०० भाग असताना, १६ आठवड्यांत एकूण क्लोरीनपैकी ५३ टक्के निघून गेला. एक-दोन क्लोरीनवाल्या प्रकारांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेलं. प्रयोगशाळेत आणि नदीत एकच गोष्ट दिसत होती.

हे घडतं कसं? ऑक्सिजन नसलेल्या जागी जीवाणूंना श्वसनासाठी दुसरं काहीतरी लागतं, ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन सोपवता येतील. काही जीवाणू त्यासाठी पीसीबीवरचा क्लोरीन वापरतात. इलेक्ट्रॉन दिला की क्लोरीन सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. या कामात पटाईत असलेला ‘डीहॅलोकोकॉइडिस’ गट पुढच्या वर्षांत ओळखला गेला. माणसानं विसाव्या शतकात जन्माला घातलेल्या रेणूवर जगणारे जीव एका थंड नदीच्या चिखलात तयार बसलेले असावेत, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

आणि ही बातमी नुसती कौतुकाची नव्हती, खरोखर चांगलीही होती. रसायनशास्त्र शिकलेल्यांना ऑर्थो, मेटा, पॅरा या जागा आठवत असतील. दोन कड्यांच्या जोडाला लागून असलेल्या जागा ऑर्थो, त्यापुढची मेटा, आणि टोकाची पॅरा. डायऑक्सिन या अतिविषारी रसायनासारखं विष मुख्यतः मेटा आणि पॅरा जागी क्लोरीन असलेल्या सपाट रेणूंमुळे येतं. जीवाणू काढत होते ते याच जागांवरचे क्लोरीन. म्हणजे गाळाची एका जातीची विषारी ताकद खरोखर कमी होत होती.

हिशोब मांडून पाहू

आता तो ४२ टक्क्यांचा आकडा घेऊ. एक किलो अ‍ॅरोक्लोर १२४२ मध्ये ४२० ग्रॅम क्लोरीन असतो. त्यातला ५३ टक्के गेला, म्हणजे साधारण २२२ ग्रॅम. त्याच्या जागी हायड्रोजन आला, त्याचं वजन सहाएक ग्रॅम. उरलं सुमारे ७८४ ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या सर्वोत्तम परिस्थितीत, सर्वांत जोरदार मात्रेत, एका किलोचं पाऊण किलोहून थोडं जास्त पीसीबी उरलं. आणि रेणूंची संख्या? जवळपास तेवढीच. प्रत्येक रेणूचे एक-दोन क्लोरीन कमी झाले, पण कड्यांची जोडी शाबूत आहे. काटे खुडले म्हणून बाभूळ नाहीशी होत नाही.

‘५३ टक्के क्लोरीन गेला’ हे वाक्य बरोबर होतं. ते लोकांपर्यंत जाताना मात्र ‘निम्मं पीसीबी संपलं’ असं ऐकू येत होतं, आणि या दोन वाक्यांतल्या अंतरात वीस वर्षांचा वाद सामावलेला आहे. ऑर्थो जागेवरचे क्लोरीन जीवाणूंनी फारसे काढलेच नाहीत. केवळ ऑर्थो क्लोरीन असलेले रेणू साठत गेले. ते डायऑक्सिनसारखे विषारी नसले, तरी ऑर्थो क्लोरीनवाल्या काही पीसीबींचा चेतापेशींवर परिणाम होतो, असं प्रयोगशाळांमध्ये दिसलेलं आहे.

मग कडी तोडणारं कोणी नाही का? आहे. त्यासाठी ऑक्सिजन लागतो. कमी क्लोरीनवाली पीसीबी ऑक्सिजनमध्ये जगणारे काही जीवाणू खातात. त्यातला सर्वांत अभ्यासलेला ‘एलबी४००’ हा जीवाणू याच भागातल्या, न्यूयॉर्कमधल्या मोरो इथल्या पीसीबीमिश्रित जमिनीतून मिळाला. म्हणजे कागदावर दोन टप्प्यांची साखळी पूर्ण होते. आधी ऑक्सिजनविना क्लोरीन उतरवायचा, मग ऑक्सिजनमध्ये कडी फोडायची.

१९९१ मध्ये कंपनीच्या शास्त्रज्ञांनी थेट नदीच्या तळाशी हे करून पाहिलं. गाळात मोठे नळकांड्यासारखे कप्पे उभे केले, त्यांत ऑक्सिजन, पोषक क्षार आणि बायफेनिल, म्हणजे क्लोरीन नसलेली कड्यांची जोडी, सोडलं. ७३ दिवसांत ३७ ते ५५ टक्के पीसीबी घटलं, आणि कडी फुटल्याची खूण असलेले क्लोरोबेन्झोएट सापडले. बाहेरून शुद्ध जीवाणू सोडून काही जास्तीचा फायदा झाला नाही. नदीचे स्वतःचे जीवाणूच पुरेसे होते. १९९३ मध्ये हेही ‘सायन्स’मध्ये आलं. प्रयोग प्रामाणिक होता आणि उत्तम होता. पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की कोणी रोज ऑक्सिजन आणि खुराक पुरवत असेल तर हे जीवाणू काम करतात. मोकळ्या नदीत पहिला टप्पा गाळाच्या काळ्या पोटात घडतो आणि दुसऱ्याला हवा तो ऑक्सिजन गाळाच्या वरच्या पातळ थरापुरताच पोचतो. मधला प्रवास त्या रेणूंना स्वतः करावा लागतो. आणि तो प्रवास म्हणजेच गाळातून पाण्यात येणं.

जिथे दाट तिथे काम, जिथे पातळ तिथे मासे

१९९० मध्ये ईपीएनं ‘काही न करण्याचा’ जुना निर्णय पुन्हा तपासायला घेतला. दहा वर्षं गाळाचे उभे नमुने काढले, थर मोजले, पाणी तपासलं. त्यातून जे पुढे आलं ते मला या सबंध प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

क्लोरीन निघण्याचं प्रमाण गाळाच्या वयावर फारसं अवलंबून नव्हतं. ते पीसीबी किती दाट आहे यावर अवलंबून होतं. जिथे दाट, तिथे जीवाणूंनी भरपूर काम केलेलं. जिथे पातळ, तिथे मूळ मिश्रण जवळपास तसंच. आणि जिथे काम झालं, तिथेही बहुतेक काम गाळ बसल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उरकलेलं होतं. पुढे वेग मंदावत गेला. म्हणजे आणखी पन्नास वर्षं वाट पाहिली तर त्या प्रमाणात आणखी विघटन होईल, हा हिशोबच चालत नाही. याचं कारण जीवाणूंच्या बाजूनं पाहिलं तर सरळ आहे. या रेणूवर जगण्याइतका तो आसपास असला पाहिजे. दशलक्षात पाच-दहा भाग हे जीवाणूला उपासमारीचं प्रमाण आहे, माशाला मात्र ते भरपूर आहे.

हलकी झालेली पीसीबी पाण्यात जास्त विरघळतात, ही दुसरी अडचण. थॉम्प्सन आयलंडच्या पट्ट्यात शिरणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी मोजलं, तेव्हा बाहेर पडताना पीसीबी वाढलेलं दिसलं. वरून आलेलं वजा केलं तरी हा दहा किलोमीटरचा पट्टा पाण्यात पीसीबी घालत होता. आणि त्या वाढीव मालाचा शिखरांचा नमुना होता जीवाणूंनी बदललेल्या गाळाचा. जीवाणूंचं अर्धवट राहिलेलं काम पाण्यातून खाली वाहत होतं, थेट कित्येक मैल दक्षिणेपर्यंत त्याचा ठसा ओळखू येत होता.

मासा याचा हिशोब चरबीत ठेवतो. तळाचे किडे, ते खाणारे छोटे मासे, त्यांना खाणारे मोठे, असं पीसीबी वर चढत जातं. अमेरिकेत बाजारात विकायच्या माशासाठी मर्यादा आहे दशलक्षात २ भाग, आणि वरच्या हडसनमधले मासे ती कितीतरी पटींनी ओलांडत होते. हडसनच्या न्यूयॉर्ककडच्या भागात टॉमकॉड नावाचा छोटा मासा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिथल्या टॉमकॉडच्या एका जनुकातून डीएनएची सहा अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे त्याच्या शरीरातला ग्राही, म्हणजे असं रसायन पकडणारं प्रथिन, पीसीबीला नीट पकडत नाही आणि मासा तग धरतो. काही दशकांत एका जातीनं स्वतःला असं बदललं. पण तो तग धरून राहतो आणि त्याला खाणाऱ्यांच्या पोटात पीसीबी पोचवत राहतो.

आता, १९८० च्या दशकात माशांतलं पीसीबी कमी होत होतं हे खरं होतं. तो आलेख दाखवून ‘नदी बरी होतेय’ असं सांगितलं जात होतं. पण माशातलं प्रमाण घटण्याची कारणं निदान चार असतात. रेणू तुटला, गाळाखाली पुरला गेला, समुद्राकडे वाहून गेला, किंवा हवेत उडाला. यांतलं फक्त पहिलं म्हणजे नाश. बाकी तीन म्हणजे जागा बदलणं. चारही एका घसरत्या रेषेत मिसळून त्या सगळ्याला ‘नैसर्गिक सुधारणा’ म्हटलं, की वाचणाऱ्याच्या मनात जीवाणूंचं चित्र उभं राहतं.

नुसत्या रेषेवर भरवसा किती ठेवायचा, हे १९९१ च्या सप्टेंबरात दिसलं. हडसन फॉल्सच्या कारखान्याजवळ एका जुन्या, पडक्या गिरणीचं पाण्याचं लाकडी दार कोसळलं. कारखान्याखालच्या खडकाच्या भेगांत मुरलेलं पीसीबीचं तेल त्या वाटेनं नदीत आलं आणि पाण्यातले, माशांतले आकडे पुन्हा उसळले. कारखाना चौदा वर्षं पीसीबी वापरत नव्हता. खडकातलं शुद्ध तेल कोणत्याही जीवाणूच्या आवाक्याबाहेर होतं. तिथे अखेर कारखान्याखालून बोगदा खणून ते झिरपणारं तेल गोळा करण्याची व्यवस्था करावी लागली.

खणायचं की नाही

२००० च्या अखेरीस ईपीएनं गाळ उपसण्याची योजना मांडली, तेव्हा वरच्या नदीकाठी एकमत नव्हतं. अनेक गावकऱ्यांना भीती होती की गाळ ढवळला की बसलेलं पीसीबी पुन्हा उठेल, वर्षानुवर्षं ट्रक आणि यंत्रं चालतील, गावाचं नाव विषारी म्हणून होईल. ही भीती खुळी नव्हती. कंपनीनंही न उपसण्याच्या बाजूनं मोठी जाहिरात मोहीम चालवली. १ फेब्रुवारी २००२ ला अंतिम निर्णय झाला. फोर्ट एडवर्ड ते ट्रॉयमधला निवडक गाळ उपसायचा, खर्च कंपनीचा, आणि उरलेलं नैसर्गिक सुधारणेवर सोडून त्यावर सतत लक्ष ठेवायचं.

शेवटच्या तुकड्याकडे दुर्लक्ष होतं. ईपीएनं निसर्गाचं काम नाकारलं नव्हतं. त्याला पेलेल एवढंच ओझं त्याच्यावर ठेवलं.

२००९ मध्ये उपसा सुरू झाला. पहिल्याच हंगामात गावकऱ्यांची भीती काही अंशी खरी ठरली. पाण्यातलं पीसीबी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं आणि काम काही वेळा थांबवावं लागलं. खालच्या वॉटरफर्ड आणि हाफमून या गावांना ट्रॉयहून पाणी देण्याची सोय केली होती, ती उपयोगी पडली. २०१० मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी सगळं तपासलं, पद्धत बदलली, आणि २०११ ते २०१५ या काळात दुसरा टप्पा पार पडला. एकंदर सुमारे २१ लाख घनमीटर गाळ निघाला. तो फोर्ट एडवर्डला पिळून कोरडा केला आणि रेल्वेनं राज्याबाहेरच्या भरावांमध्ये नेला. कंपनीचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

निर्णयाच्या वेळी अंदाज होता की त्या गाळात सुमारे ६८ हजार किलो पीसीबी असेल. प्रत्यक्षात निघालं सुमारे १ लाख ४० हजार किलो. कारखाने थांबून तीन दशकं झाली होती, जीवाणूंनी आपलं सर्वोत्तम काम केलेलं होतं, आणि तरीही अपेक्षेच्या दुप्पट माल तळाशी होता. नैसर्गिक विघटनाबद्दलच्या सगळ्या युक्तिवादांसमोर मी हा एक आकडा ठेवीन.

आपल्याकडच्या नद्या तपासताना

भारतानं २०१६ च्या आदेशानं पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि जुन्या उपकरणांतून ते काढून टाकायला २०२५ अखेरची मुदत घातली. पण हडसनचा संबंध पीसीबीपुरता नाही. आपल्याकडे उल्हास, पाताळगंगा किंवा सावित्रीबद्दल बोलताना बहुतेक वेळा बीओडीचा आकडा पुढे येतो. बीओडी म्हणजे पाण्याचा नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवला, तर जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणं. सांडपाण्यातली विष्ठा, साखर, स्टार्च त्यात बरोबर पकडलं जातं. जो रेणू जीवाणूंना तीन दिवसांत खाता येत नाही, त्याची नोंद या आकड्यात जवळपास होतच नाही. म्हणून एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या खाली दहा किलोमीटरवर बीओडी उतरलेला असेल, तर त्याचा अर्थ सहज पचणारा माल पचला एवढाच घ्यावा. क्लोरीनवाल्या रसायनांसाठी गाळ काढून तपासावा लागतो, आणि माशाची चरबी तपासावी लागते. गाळात काय आहे हे माहीत नसताना ‘नदीनं पचवलं’ असं म्हणणारा अहवाल मी तरी स्वीकारणार नाही.

उपशानंतरची नदी

२००२ च्या निर्णयात माशांसाठी पायऱ्या आखल्या होत्या. उपशानंतर पाच वर्षांत दशलक्षात ०.४ भाग, म्हणजे दोन महिन्यांत एकदा मासा खाता येईल एवढं. सोळा वर्षांत ०.२ भाग, म्हणजे महिन्यातून एकदा. आणि आठवड्याला एकदा खाण्याजोगं ०.०५ हे प्रमाण गाठायला पन्नास वर्षांहून जास्त. या पायऱ्या उतरण्याचं काम आता निसर्गाचं आहे, मुख्यतः नव्या स्वच्छ गाळानं जुन्याला झाकत जाण्याचं.

काम वेळेवर होतंय का, यावर पुन्हा वाद आहे. २०१९ मध्ये ईपीएनं उपसा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कंपनीला दिलं, पण नदी माणसांसाठी सुरक्षित झाली का, यावर निष्कर्ष पुढे ढकलला. न्यूयॉर्क राज्यानं त्या प्रमाणपत्राविरुद्ध दावा लावला आणि २०२१ मध्ये तो हरलं. माशांतले आकडे वर्षागणिक वरखाली होतात, त्यामुळे खरा उतार दिसायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात, असं ईपीएचं म्हणणं. आकडे पुरेसे उतरत नाहीत हे आताच दिसतंय, असं नदीकाठच्या पर्यावरण संस्थांचं म्हणणं.

ट्रॉयच्या खालची, भरती-ओहोटीची नदी तर उपशात आलीच नव्हती. तिथे इतर शहरांचं, इतर कारखान्यांचं प्रदूषणही मिसळलं आहे आणि वरून वाहत आलेलं पीसीबी पातळ होऊन पसरलं आहे, म्हणजे नेमकं जीवाणूंच्या आवाक्याखालचं. २०२२ मध्ये ईपीए आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यात या खालच्या भागाची तपासणी करण्याचा करार झाला. ट्रॉयच्या धरणापासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत पाणी, गाळ आणि मासे यांचे नमुने त्यात घ्यायचं ठरलं.